राईस कुकर, अडॅप्टर आणि तिसरी पिन



गेल्या उन्हाळ्यात आई तीन महिने आमच्याकडे राहायला आली होती. बॅगेत काय काय होतं ते तुम्हाला वेगळं सांगायला नको. भाजणी, मेतकूट, कुळथाचं पीठ आणि दोन साड्यांमध्ये गुंडाळलेला तिचा इलेक्ट्रिक राईस कुकर. "तुमच्या इथल्या कुकरात भात मोकळा होत नाही," हे तिचं ठाम मत. मी विमानतळावर कधीतरी घेतलेला युनिव्हर्सल अडॅप्टर ड्रॉवरमधून काढून दिला. कुकर लागला, भात झाला, सगळे खूश.

चौथ्या-पाचव्या दिवशी जेवताना ती सहज म्हणाली, "अरे, त्या कुकरला हात लागला की जरा झिणझिण्या येतात हं. काही नाही, आपल्याकडे गीझरच्या नळालाही असंच व्हायचं."

मी ताट बाजूला सारून उठलो. आईला वाटलं, मी उगाच बाऊ करतोय. तुमच्यापैकीही काहींना तसं वाटेल, म्हणून त्या झिणझिण्यांचा अर्थ काय होता आणि त्या आपल्यासारख्यांच्या घरात जास्त का येतात, ते आज सांगतो. मी इलेक्ट्रिशियन नाही, आयटीवाला आहे. पण त्या आठवड्यात एका इलेक्ट्रिशियनला इतके प्रश्न विचारले की शेवटी तोच म्हणाला, तू स्वतःच परीक्षा दे आता.

सुरुवात कुकरच्या पोटातून करू. कुकर, केटल, ओव्हन, इस्त्री, पाणी तापवायचा रॉड, या सगळ्यांचं काम एकाच गोष्टीवर चालतं: हीटिंग एलिमेंट. बाहेरून ती धातूची साधी नळी दिसते. नळीच्या मधोमध निकेल आणि क्रोमियमच्या मिश्रधातूच्या तारेची स्प्रिंग असते. वीज या तारेतून जाते आणि तार लालबुंद तापते. तार आणि नळी यांच्यामध्ये मॅग्नेशियम ऑक्साइडची पांढरी भुकटी गच्च दाबून भरलेली असते. ही भुकटी मोठी गुणी. उष्णता आरामात बाहेर जाऊ देते, पण विजेला अडवते. म्हणजे २३० व्होल्टची तार आणि आपला हात लागतो ते धातूचं अंग, या दोघांमध्ये जेमतेम एक-दोन मिलिमीटरचा भुकटीचा थर असतो.

आता या भुकटीचा दोष. ती हवेतला ओलावा शोषून घेते. म्हणून नळीची दोन्ही टोकं कारखान्यात सील केलेली असतात. पण वर्षानुवर्षं तापून आणि गार होऊन सील तडकतं. उपकरण गॅरेजमध्ये किंवा माळ्यावर पडून राहिलं की इंग्लंडची दमट हवा हळूहळू आत शिरते. ओली भुकटी विजेला पूर्वीसारखी अडवत नाही आणि थोडा करंट तारेतून भुकटीत, भुकटीतून बाहेरच्या धातूत झिरपायला लागतो. डिसेंबरात सहा आठवडे भारतात जाऊन आलात, परत आल्यावर पहिल्यांदा ओव्हन लावला आणि घराचा ट्रिप स्विच पडला, असं कुणाचं झालं असेल तर कारण पुष्कळदा हेच असतं.

राईस कुकरचं दुखणं थोडं वेगळं. त्यात एलिमेंट तळाच्या जाड ॲल्युमिनियमच्या तव्यात ओतलेलं असतं आणि त्याची दोन टोकं तव्याखाली, जिथे वायरी जोडतात तिथे, उघडी असतात. भात उतू जातो. पेज भांड्याच्या कडेने खाली उतरते आणि तव्याच्या फटीतून थेट त्या टोकांपाशी जाते. पेजेत मीठ आणि पिष्ट. ती सुकते, करपते, तिचा काळा थर साचतो, आणि दर वेळी ओली झाली की हा थर विजेला वाट देतो. आईचा कुकर अकरा वर्षांचा होता. किती वेळा उतू गेला असेल त्याची गणती नाही.

"पण कुकर तर छान चालत होता," हे आईचं वाक्य, आणि गोम तिथेच आहे. भात शिजायला ३ अँपिअरच्या आसपास करंट लागतो. त्यातला शंभरावा हिस्सा भलत्या वाटेने गेला तरी भाताला काही कळत नाही. माणसाला मात्र कळतं. साधारण अर्धा मिलीअँपिअर, म्हणजे अँपिअरचा दोन हजारावा भाग, शरीरातून गेला की मुंग्या जाणवतात. १० मिलीअँपिअरच्या आसपास हाताचे स्नायू असे आखडतात की धरलेली वस्तू सोडता येत नाही. ३० च्या वर गेलं आणि थोडा वेळ टिकलं तर श्वास आणि हृदय, दोन्ही धोक्यात. इथली ३ किलोवॉटची केटल १३ अँपिअर घेते. तिच्या करंटचा चारशेवा हिस्सा माणसाला पुरेसा आहे.

म्हणूनच प्लगमधला फ्यूज आपल्याला शॉकपासून वाचवतो, हा समज डोक्यातून काढा. १३ अँपिअरचा फ्यूज वायरीला आग लागू नये म्हणून असतो. माणसाच्या अंगातून शंभर मिलीअँपिअर गेले तरी फ्यूजला त्याचा पत्ताही लागत नाही.

माणसाला वाचवतात त्या दोन गोष्टी. एक अर्थिंग, दुसरा आरसीडी. आणि या दोघांची जोडी आहे.

प्लगच्या तिसऱ्या पिनेतून येणारी हिरवी-पिवळी वायर उपकरणाच्या धातूच्या अंगाला जोडलेली असते. आतून करंट झिरपला तर त्याला जमिनीत जायला आयता रस्ता मिळतो. त्यामुळे धातूच्या अंगावर व्होल्टेज साठून राहत नाही. आरसीडी बसतो घराच्या मुख्य फ्यूज बॉक्समध्ये. त्याचं काम आम्हा आयटीवाल्यांपेक्षा अकाउंटंटना लवकर कळेल: गेलेला करंट आणि परत आलेला करंट यांचा ताळेबंद तो सतत जुळवत असतो. ३० मिलीअँपिअरची तफावत दिसली की सेकंदाच्या तिसऱ्या हिश्शाच्या आत वीज तोडतो. तफावत म्हणजे काहीतरी भलत्या वाटेने जमिनीत जातंय. ती वाट अर्थिंगची वायर आहे की तुमची आई, हे त्याला कळत नाही.

आता आमच्या किचनमध्ये काय झालं ते बघा. इलेक्ट्रिशियनने कुकरची तार आणि बाहेरचं धातूचं अंग यांच्यातला रोध मोजला. असा रोध किमान १० लाख ओहम हवा. मीटरने दाखवले ५ हजार. २३० ला ५ हजारांनी भागा, ४६ मिलीअँपिअर येतात. म्हणजे अर्थिंग धड असतं तर आईने पहिल्याच दिवशी स्विच लावताक्षणी आरसीडी पडला असता, भात राहिला असता आणि कुकर त्याच दिवशी बाद झाला असता. पण माझ्या त्या अडॅप्टरमध्ये तिसऱ्या पिनेसाठी भोक होतं आणि भोकाच्या आत धातूची पट्टीच नव्हती. नुसतं प्लॅस्टिक. झिरपलेल्या करंटला जायला जागाच नाही, त्यामुळे तफावत नाही, त्यामुळे आरसीडी गप्प. कुकरचं स्टीलचं अंग चार दिवस जवळजवळ २३० व्होल्टवर बसून होतं.

आई अनवाणी टाइल्सवर उभी होती, जमीन कोरडी, हात कोरडा, स्पर्श ओझरता. म्हणून एक-दोन मिलीअँपिअर गेले असतील आणि नुसत्या झिणझिण्या आल्या. तांदूळ धुता धुता एका ओल्या हाताने सिंकचा नळ आणि दुसऱ्याने कुकर धरला असता, तर करंट एका हातातून छातीमार्गे दुसऱ्या हातात गेला असता. तेव्हा आरसीडी पडलाही असता. पण परीक्षा आईच्या अंगावर झाली असती. आणि ज्या जुन्या घरात आरसीडीच नाही, तिथे काय, ते मला उच्चारायचंही नाही.

इथे एक जास्त काळजीची गोष्ट सांगतो, कारण ही मी आमच्या ओळखीच्या दोन घरांत पाहिली आहे. भारतातून आणलेलं एखादं उपकरण, रोटीमेकर म्हणा किंवा सँडविच टोस्टर, नीट अर्थिंगवाल्या सॉकेटला लावलं की घर ट्रिप होतं. मग कुणीतरी शोध लावतं की 'त्या' अडॅप्टरने लावलं तर ट्रिप होत नाही. आणि तो अडॅप्टर घरचा लाडका होतो. आमच्या व्यवसायात असं होतं: सर्व्हर सारखा अलर्ट पाठवतो म्हणून कुणी हुशार माणूस अलर्टच बंद करतो. सर्व्हर पडला तर नोकरीवर बेततं. इथे काय पडेल?

हा प्रश्न ब्रिटनमधल्या आपल्या घरांत विशेष का, तेही सांगायला हवं. अमेरिकेत घरातली वीज १२० व्होल्टची. भारतातला कुकर तिथे लावला तर जेमतेम पाव ताकदीने तापतो, त्यामुळे लोक नाद सोडतात. इथे आणि भारतात दोन्हीकडे २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ. त्यामुळे सगळं चालतं, अडतं ते फक्त प्लगपाशी. गंमत म्हणजे आपल्याकडचा गोल पिनांचा प्लग मुळात ब्रिटिशच. १९४७ साली इथे चौकोनी पिनांचा बीएस १३६३ आला आणि गोल पिना घराघरांतून हळूहळू गेल्या. भारतात त्या राहिल्या. जुना साहेब तिकडे राहिला आणि आपण त्याचा प्लग घेऊन इकडे आलो.

इथल्या सॉकेटची एक खुबी अनेकांना माहीत नसते. वरची पिन, म्हणजे अर्थची, बाकी दोघींपेक्षा लांब असते. ती आधी आत जाते आणि बहुतेक सॉकेटांत तीच खालच्या दोन भोकांवरची झाकणं उघडते. लहान मुलांनी भोकात काही घालू नये म्हणून ही झाकणं. आपण काय करतो? पेनाच्या टोकाने वरचं भोक दाबतो, झाकणं उघडली की दोन पिनांचा प्लग खाली कोंबतो. मी विद्यार्थी असताना हे केलेलं आहे, त्यामुळे कुणाला नावं ठेवत नाही. पण यात अर्थिंग गेलं, फ्यूज गेला, आणि पिना सैल बसल्यामुळे त्या तापतात तेही वेगळंच.

शिवाय असा प्लग उलटा बसू शकतो. मग उपकरणाचा स्वतःचा स्विच लाइव्हऐवजी न्यूट्रल तोडतो. दिवा विझतो, एलिमेंट गार होतं, तुम्ही म्हणता बंद आहे. आतली तार मात्र जिवंतच असते. यावरून आणखी एक: जळून बंद पडलेलं एलिमेंटही निर्जीव समजू नका. तार मध्ये तुटते, पण तुटलेल्या जागेपर्यंतच्या भागात वीज असतेच. "चालत नाहीये" म्हणून आत बोट घालण्याआधी प्लग भिंतीतून बाहेर हवा, नुसता स्विच बंद करून भागणार नाही.

टोस्टरला हे सर्वात जास्त लागू. त्यात नळी नाही, भुकटी नाही. अभ्रकाच्या पत्र्यावर गुंडाळलेली उघडी तार, तुमच्या ब्रेडपासून बोटभर अंतरावर. स्लाइस अडकला की सुरी घालायचा मोह कुणाला होत नाही? प्लग काढा, गार होऊ द्या, उलटा करून हलवा. सुरी नको, काटा नको. आणि हे मुलांना आजच सांगा, कारण शाळेतून आल्यावर टोस्टर तेच लावतात.

उघड्या कॉइलची शेगडी, चिनीमातीच्या खाचांत स्प्रिंग बसवलेली, ती कृपा करून आणूच नका. दूध उतू गेलं किंवा स्टीलचं पातेलं कॉइलला टेकलं की पातेलंच लाइव्ह. पाणी तापवायच्या रॉडचंही तसंच. बॉयलर बिघडला की तो बादलीत सोडायची आठवण येते. बादलीत रॉड चालू असताना पाणी तापलं का ते बोटाने बघणारे आपल्याकडे घरोघरी आहेत, आणि तो पाण्याबाहेर चालू राहिला तर नळी तापून तडकते, ते पुढच्या वेळी बादलीत टाकेपर्यंत कळत नाही.

आई म्हणाली, "म्हणूनच मी तुला सांगायची ना, चप्पल घालून मिक्सर लाव." बरोबर आहे तिचं. रबरी चप्पल जमिनीकडची वाट अडवते. पण किचनमध्ये जमीन फक्त पायाखाली नसते. सिंक, नळ, ओव्हनचं दार, हे सगळं अर्थला जोडलेलं असतं. लाकडी फ्लोअरवर स्लीपर घालून उभे असलात आणि कोपर नळाला लागलं, तर चपलेचा काही उपयोग नाही.

तर मग करायचं काय? माझं मत विचाराल तर तापणारी वस्तू भारतातून आणूच नये. मिक्सरचं मी समजू शकतो; इथल्या ब्लेंडरमध्ये इडलीचं पीठ वाटून बघितलेल्या माणसाशी मी वाद घालणार नाही. पण राईस कुकर, केटल, इस्त्री इथे वीस-तीस पौंडांत मिळतात, आणि १९९४ च्या नियमांमुळे घरगुती उपकरणं फ्यूज असलेला प्लग बसवूनच विकावी लागतात. काही आणलेलं वापरायचंच असेल, तर जुना प्लग कापून टाकून इलेक्ट्रिशियनकडून बीएस १३६३ प्लग बसवून घ्या. ७०० वॉटपर्यंत ३ अँपिअरचा फ्यूज, त्यावर १३ चा. भारतातल्या जुन्या वायरींत रंग वेगळे असतात: लाल लाइव्ह, काळी न्यूट्रल, हिरवी अर्थ. त्याच वेळी रोध मोजून घ्या, पाच मिनिटांचं काम आहे. उपकरणाच्या लेबलवर चौकोनात चौकोन अशी खूण असेल तर त्याला दुहेरी इन्सुलेशन असतं आणि अर्थिंग लागत नाही; हँड ब्लेंडरवर ती बहुधा दिसते. धातूचं अंग असलेलं आणि तापणारं उपकरण दोनच पिनांवर चालत असेल आणि ही खूण नसेल, तर ते माझ्या घरात नको.

लॅपटॉपच्या धातूवर बोट फिरवलं की बारीक थरथर जाणवते, तिच्याशी याची गल्लत करू नका. ती त्याच्या चार्जरमधल्या फिल्टरमुळे असते. साध्या कुकरात किंवा इस्त्रीत असा फिल्टर नसतो. तिथे झिणझिण्या म्हणजे बिघाडच.

आता जिन्याखालच्या कपाटात जा, किंवा तुमचा फ्यूज बॉक्स जिथे असेल तिथे. "टी" किंवा "टेस्ट" लिहिलेलं छोटं बटण शोधा. ते दाबलं की निम्मं किंवा सगळं घर अंधारात जायला हवं. गेलं तर आरसीडी जिवंत आहे. स्विच वर करा. जुन्या लेबलवर हे दर तीन महिन्यांनी करा असं असतं, नव्यावर सहा. मुलांचं ऑनलाइन काही चालू नाही ना ते आधी बघा, मी शिकलोय. दाबूनही काही पडलं नाही, तर इलेक्ट्रिशियन बोलवायला उशीर करू नका. असं बटणच नसेल तर तुमचं वायरिंग बहुधा २००८ च्या आधीचं आहे; तेव्हापासून नव्या वायरिंगमध्ये घरातल्या सॉकेटना आरसीडीचं संरक्षण द्यावं लागतं. भाड्याचं घर असेल तर इंग्लंडमध्ये घरमालकाने दर पाच वर्षांनी विजेची तपासणी करून रिपोर्टची प्रत भाडेकरूला द्यायची असते, २०२० च्या नियमांनुसार. ती मागा. मागायला संकोच कसला, तो तुमचा हक्क आहे.

आणि कुणाला शॉक लागून तो चिकटलेला दिसला, तर त्याला हात लावू नका. हे सर्वात अवघड, कारण समोर आपलंच माणूस असतं. आधी भिंतीवरचा स्विच किंवा मेन बंद करा. तिथे पोहोचता येत नसेल तर कोरड्या जागी उभं राहून लाकडी झाडूच्या दांड्याने त्याला बाजूला करा. मग ९९९. शुद्धीवर असेल तरी भाजलं असेल, छातीत धडधडत असेल किंवा चक्कर येत असेल, तर हॉस्पिटलमध्ये दाखवून घ्या.

आईचा कुकर मी कापलेल्या वायरीसकट रिसायकलिंग सेंटरला देऊन आलो, म्हणजे कुणी उचलून परत लावायला नको. आतलं भांडं तिने काढून ठेवलं होतं. त्यात ती कणीक भिजवते. अडॅप्टर मी हातोडीने फोडला.

पुढच्या भागात थंडीच्या तोंडावर बॉयलर आणि कार्बन मोनॉक्साइडच्या अलार्मबद्दल बोलू. तोवर बटण दाबून काय झालं ते जरूर कळवा. नमस्कार!